आपल्या पूर्वजांची नावे कोठे सापडतील?



नोव्हेंबर महिन्यात आपण सिमेत्रीत जाऊन कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि मयतांसाठी मिस्सा सांगतो. मिस्साच्या पाकिटावर नावे लिहू लागलो की बहुतेकांचा हात आजी-आजोबांच्या पुढे जात नाही. पणजीचे नाव काय, ती कोणत्या गावची, तिला कोठे पुरले, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. मग आपण "घराण्यातील सर्व मयत" असे लिहून मोकळे होतो. अशी प्रार्थना देव ऐकतोच. पण ज्यांच्यामुळे आपल्याला श्रद्धा मिळाली त्यांची नावे तीन पिढ्यांतच पुसली जावीत, हे बरे नव्हे. ती नावे कशी शोधावीत, याचा आज थोडा अभ्यास करू.

१. बायबलमध्ये नावांच्या याद्या का आहेत?

संत मत्तयच्या शुभवर्तमानाची सुरुवातच वंशावळीने होते. संत लूक तिसऱ्या अध्यायात येशूची वंशावळ थेट आदामापर्यंत नेतो, तर दुसऱ्या अध्यायात शिरगणतीसाठी योसेफ आणि मरिया बेथलेहेमला गेल्याचे सांगतो. अब्राहामाने कनान देशात जी पहिली जमीन विकत घेतली, ती सारेच्या कबरेसाठी (उत्पत्ती २३). तोबित जिवावर उदार होऊन मृतांना मूठमाती देत असे. मृताला पुरणे हे दयेचे कृत्य आहे. त्याचे नाव जपणे हा त्या कृत्याचाच पुढचा भाग आहे.

आपल्या ठाण्याचेच उदाहरण पाहा. १३२१ साली तोलेन्तिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती ठाण्यात रक्तसाक्षी झाले. जोर्दानुस या डॉमिनिकन धर्मगुरूंनी त्यांचे मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि घडलेली हकिगत पत्रात लिहून ठेवली. पुढे ओदोरिक या फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या आणि त्यांनीही तो वृत्तांत सांगितला. कोणीतरी लिहून ठेवले म्हणून सातशे वर्षांनंतरही आपण ती चार नावे घेऊ शकतो.

२. चर्चमधील वह्या

त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५६३ साली बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी ठेवण्याचा नियम केला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मयतांची नोंदवही आणि धर्मग्रामातील कुटुंबांची यादी त्यात घातली. आजच्या कॅनन लॉमध्ये कलम ५३५ नुसार प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांची रजिस्टरे असलीच पाहिजेत व जुन्या वह्या काळजीपूर्वक जपल्या पाहिजेत. कलम ११८२ नुसार दफनानंतर त्याची नोंद करावी लागते.

शोधाला सुरुवात दफनाच्या नोंदीपासून करावी. ती काळाने आपल्याला जवळची असते आणि घरात कोणाला तरी मृत्यूचे साल साधारण आठवत असते. समजा, १९३१ साली बासष्ट वर्षांची एक विधवा पुरल्याची नोंद आहे. म्हणजे तिचा जन्म १८६९ च्या सुमारास झाला असावा. पण मयताचे वय पुष्कळदा अंदाजाने लिहिलेले असते. साठ, सत्तर, ऐंशी असे गोल आकडे दिसले तर विशेष सावध राहावे. म्हणून १८६४ ते १८७४ या काळातील बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहाव्यात. तेथे आई-वडिलांची आणि धर्ममाता-धर्मपित्याची नावे मिळतील. धर्मपिता हा बहुधा मामा, काका किंवा शेजारी असतो, म्हणजे नात्याचा आणखी एक धागा हाती लागतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारच्या शेऱ्यात कधीकधी पुढे झालेल्या विवाहाचीही माहिती असते. त्यावरून मुलगी कोणत्या धर्मग्रामात दिली हे कळते.

काही अडचणी येतील. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीज भाषेत असू शकतात. लॅटिनमध्ये जॉनचा जोआनेस, जेम्सचा याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस होतो. 'नातुस' म्हणजे जन्मला, 'सेपुल्तुस' म्हणजे पुरला, 'फिलिया' म्हणजे मुलगी. पोर्तुगीजमध्ये 'विऊवा' म्हणजे विधवा. डिसोजा, डिसूझा, डिसौजा हे एकाच घराचे आडनाव तीन धर्मगुरूंनी तीन तऱ्हांनी लिहिलेले असू शकते. म्हणून आडनावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नये. आई-वडिलांची नावे आणि गाव जुळते का, ते पाहावे. पोर्तुगीज आडनाव आहे म्हणून पूर्वज पोर्तुगालचे होते, असेही समजू नये.

दुसरी गोष्ट, कबर सापडली नाही म्हणून निराश होऊ नये. आपल्याकडे सिमेत्रीत जागा कमी असल्याने काही वर्षांनी कबर पुन्हा उघडली जाते आणि दगड हलतो, पण वहीतली ओळ राहते. नवे धर्मग्राम वेगळे झाले तरी त्यापूर्वीच्या नोंदी मातृचर्चमध्येच पाहाव्या लागतात.

३. गाव आणि जिल्हा ओळखावा

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील आपली कुटुंबे अनेक ठिकाणांहून आली आहेत. काही मूळची साष्टी-वसईची, काही गोवा-मंगळूरची, तर काही नगर, नाशिक, संभाजीनगर भागातील. १८५३ साली रेल्वे ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आली. तेव्हापासून नोकरीसाठी येणाऱ्यांची रीघ लागली. ज्यांचे मूळ नगर जिल्ह्यात आहे त्यांनी जुन्या मिशन केंद्राचे नाव शोधावे. तो भाग पूर्वी पुणे धर्मप्रांतात होता आणि १९८७ पासून नाशिक धर्मप्रांतात आहे. वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला.

सरकारी कागदांतही हद्दी बदलल्या आहेत. १९२० पर्यंत वांद्रे-अंधेरीचा भाग ठाणे जिल्ह्यात होता आणि २०१४ पर्यंत वसई-पालघरही. म्हणून जुन्या कागदावर नुसते 'ठाणे जिल्हा' दिसले तर ठाणे शहर समजू नये. गावाकडे तलाठी किंवा तहसील कार्यालयातील जुने फेरफार व वारसनोंदी पाहाव्यात. गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. जुने कागद मोडी लिपीत असतील तर मोडी वाचणाऱ्याची मदत घ्यावी. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येही जन्मतारीख आणि जन्मगाव मिळते.

४. शिरगणती आणि वर्तमानपत्रे

पुष्कळांना वाटते की जुन्या शिरगणतीत आपल्या पणजोबांचे नाव मिळेल. आपल्या देशात पहिली शिरगणती १८७२ च्या सुमारास आणि सर्वत्र एकाच वेळी घेतलेली पहिली १८८१ साली झाली. परंतु १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार घरोघरी भरलेल्या माहितीची पाहणी कोणालाही करता येत नाही. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी कागद खुले होतात. तेथील १९२१ ची शिरगणती २०२२ साली लोकांना पाहता आली. आपल्याकडे तशी सोय नाही. शिरगणतीच्या छापील अहवालांतून जिल्ह्यात किती ख्रिस्ती होते, हे मात्र समजते. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्येही ख्रिस्ती समाजाची माहिती आहे. व्यक्तीचे नाव मिळत नसले तरी ती कोणत्या परिस्थितीत जगली, ते यातून कळते.

वर्तमानपत्रांतील मृत्युवार्ता आणि वर्षश्राद्धाच्या, स्मरणार्थ छापलेल्या जाहिराती फार उपयोगी आहेत. त्यात मुलगे, सुना, जावई, मूळ गाव, कधी नोकरीचे खातेही दिलेले असते. मुंबईचे 'एक्झामिनर' १८५० पासूनचे, 'निरोप्या' १९०३ पासूनचे आणि वसईचे 'सुवार्ता' १९५५ पासूनचे. जुने अंक पाहण्यासाठी ग्रंथालयात चौकशी करावी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली व कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली स्थापन झाले. गॅझेटिअर आणि स्थानिक इतिहासासाठी तेथूनच सुरुवात करता येईल.

५. जे सापडेल ते स्वीकारावे

शोध घेताना मनाला लागणाऱ्या गोष्टीही पुढे येतात. १८९६ च्या प्लेगच्या आणि १९१८ च्या तापाच्या साथीत एकाच घरातील माणसे पाठोपाठ गेलेली दिसतात. कोठे वडिलांच्या नावाची जागा रिकामी असते. कोठे कळते की आपले घराणे दुष्काळात, उपासमारीत ख्रिस्ती झाले, किंवा ज्या जातीला गावाने वेशीबाहेर ठेवले त्या जातीतून आले. अशा वेळी काही जण वही मिटून टाकतात आणि मुलांना वेगळेच सांगतात.

येथे संत मत्तयची यादी पुन्हा वाचावी. तिच्यात तामार आहे, राहाब आहे, परक्या देशाची रूथ आहे आणि उरियाची पत्नीही आहे. शुभवर्तमानकाराने त्यांना झाकले नाही. प्रभूला ज्या घराण्याची लाज वाटली नाही, त्यापेक्षा आपले घराणे अधिक शुद्ध दाखवण्याची आपल्याला काय गरज? आणि घराणे मोठे निघाले तरी त्याचा तोरा मिरवू नये.

सर्वांत अवघड असते ती न सापडणारी नोंद. पूर्वीच्या नियमांनुसार आत्महत्या केलेल्यांना ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. बाप्तिस्म्यापूर्वीच गेलेली तान्ही बाळे पुष्कळदा आशीर्वादित जागेबाहेर, गाजावाजा न करता पुरली जात. अनेक घरांत आजीने असे एखादे मूल गमावले आणि आयुष्यभर त्याविषयी ती बोलली नाही. आज ख्रिस्तसभा अशांकडे अधिक करुणेने पाहते. बाप्तिस्मा देण्याची आई-वडिलांची इच्छा होती अशा बाळासाठी, महागुरुस्वामींच्या परवानगीने, दफनविधी करता येतो (कलम ११८३). वहीत नाव नाही म्हणून देवाच्या हृदयात नाव नाही, असे होत नाही. अशा नावाविना गेलेल्यांसाठी यंदा आवर्जून मिस्सा सांगावी.

६. या आठवड्यात काय करावे?

• घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीजवळ बसावे. नावे, गावे, सण, साथी, कोण कोठे पुरले, हे विचारून तिच्याच शब्दांत वहीत लिहावे. कागद थांबतील, माणसे थांबणार नाहीत.

• जुने फोटो, मिस्साची स्मरणपत्रे, रेशन कार्डे, शाळेचे दाखले एकत्र करावेत. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत.

• पॅरिश ऑफिसात रविवारच्या गर्दीत न जाता आधी लेखी विनंती द्यावी. नाव, अंदाजे साल, आई-वडिलांची नावे आणि कारण लिहावे. रजिस्टर स्वतः हाताळण्याचा आग्रह धरू नये. त्यात इतरांचीही खासगी माहिती असते.

• मिळालेली प्रत्येक माहिती कोठून मिळाली ते शेजारी लिहावे. ऐकीव आणि लेखी यांची सरमिसळ करू नये.

• जी नावे सापडतील ती कुटुंबाच्या रोजरीत मोठ्याने घ्यावीत. मुलांना ती पाठ होतील.

चिंतनासाठी प्रश्न: आपल्या घरात श्रद्धा प्रथम कोणी आणली? आपल्या घरात कोणाचे नाव घेतले जात नाही, आणि का?

प्रार्थना: हे प्रभो, आमच्या आधी विश्वासात निजलेल्या सर्वांना, ज्यांची नावे आम्हांला ठाऊक आहेत त्यांना आणि ज्यांची फक्त तुलाच ठाऊक आहेत त्यांना, अनंतकाळची शांती दे. त्यांनी आमच्या हाती दिलेली श्रद्धा आम्ही मुलांच्या हाती देऊ, असे कर. आमेन.