व्यसनातून उठणाऱ्यास सोबत

विद्यार्थिमित्रहो, आणि हा अंक ज्या घरी वाचला जाईल त्या घरच्या वडील मंडळींनो, आज आम्ही जो पाठ घेणार आहो तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. तो आम्हास एका विद्यार्थ्याने शिकविला, आणि आमची चूक दाखवून शिकविला. म्हणून आरंभी ती चूकच सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी सायंकाळी आमच्या घरी आला. गणितात त्याची बुद्धी फार चांगली होती. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर आपणास गर्दचे व्यसन जडले असल्याचे त्याने खालच्या मानेने सांगितले. आम्ही त्यास पाऊण तास उपदेश केला. आईबापांच्या कष्टांची आठवण दिली, लाज कशी वाटत नाही असेही विचारले. त्याने सर्व ऐकून घेतले, नमस्कार केला आणि तो निघून गेला. पुढे दीड वर्ष तो आमच्याकडे फिरकला नाही. “सर, दवाखान्यात जावयाचे आहे, माझ्याबरोबर याल का?” एवढेच विचारण्यासाठी तो त्या दिवशी आला होता, हे आम्हास फार उशिरा कळले.

उपदेश खोटा नव्हता. तथापि तो जागा चुकून पडला. असे का झाले, हे समजण्यासाठी व्यसन म्हणजे काय ते प्रथम पाहू.

गर्द म्हणजे अशुद्ध स्वरूपातील हेरॉईन. अफूपासूनच ते तयार होते. आपल्या मेंदूत वेदना शमविणारी व समाधान देणारी द्रव्ये स्वभावतःच निर्माण होतात. गर्द त्यांची जागा बळकावते. ते वारंवार घेतले म्हणजे शरीर त्यास सरावते व पहिल्याइतक्या मात्रेने काम भागत नाही. मग सुखासाठी नव्हे, तर दुःख टळावे म्हणून मनुष्य ते घेऊ लागतो. ते न मिळाल्यास नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, हाडे ठणकतात, ओकाऱ्या व जुलाब होतात, झोप नाहीशी होते. ह्या अवस्थेस व्यसनी लोक ‘टर्की’ म्हणतात. दुसऱ्यातिसऱ्या दिवशी हा त्रास शिगेस पोहोचतो आणि बहुधा आठवड्याभरात ओसरतो. योग्य औषधांनी तो पुष्कळच सुसह्य होतो. दारू फार दिवसांची असेल तर मात्र ती एकाएकी बंद केल्याने झटके येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून वैद्यकीय देखरेखीवाचून हा प्रयोग घरी करू नये.

शरीर असे आठवड्यात मोकळे होते. मनास मात्र महिने, कित्येकदा वर्षे लागतात. जुना रस्ता, जुना सोबती, हातात पडलेला पगार, रिकामी दुपार, ह्यांपैकी काहीही जुनी ओढ जागी करण्यास पुरते. ह्यावर एकट्याचा निश्चय क्वचितच पुरा पडतो. परिस्थितीचा प्रभाव किती असतो हे व्हिएतनामच्या युद्धानंतर दिसून आले. तेथील अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे पंचमांश हेरॉईनच्या आहारी गेल्याचे 1971 सालच्या सुमारास आढळले. ली रॉबिन्स ह्या विदुषींनी परतलेल्या सैनिकांची पाहणी केली, तेव्हा त्या व्यसनाधीनांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले शेकडा 5 च्या आसपास निघाले. रणभूमीवरील भीती व कंटाळा मागे राहिला होता, आणि घर व कामधंदा पुढे होता. मनुष्याभोवतालचे जग बदलले की मनुष्यासही बदलणे सोपे जाते, हा ह्यातील बोध आहे.

आता सोबतीच्या सामर्थ्याचे एक उदाहरण घेऊ. 1935 सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कचे बिल विल्सन नावाचे गृहस्थ व्यवहारानिमित्त ॲक्रन शहरी आले होते. त्यांनी दारू सोडून अवघे काही महिने झाले होते. योजलेला व्यवहार फिसकटला, खिशात पैसा उरला नाही, आणि हॉटेलातील मद्यगृहातून हसण्याखिदळण्याचे आवाज येऊ लागले. मन डळमळू लागताच त्यांनी दूरध्वनी उचलून शहरातील धर्मोपदेशकांकडे चौकशी आरंभिली. धीर देणारा सज्जन त्यांस नको होता. आपल्यासारखाच दारूने गांजलेला कोणी ह्या गावात आहे काय, एवढेच ते विचारीत होते. अशा रीतीने त्यांची डॉ. बॉब स्मिथ ह्या शस्त्रवैद्यांशी गाठ पडली. पंधरा मिनिटांत उठावयाचे ठरवून आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. त्याच वर्षी 10 जून रोजी डॉक्टरांनी अखेरचा घोट घेतला, आणि तो दिवस ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ह्या संघाचा जन्मदिवस मानला जातो. त्याच धर्तीवर गर्दसारख्या पदार्थांच्या व्यसनींसाठी 1953 साली ‘नार्कोटिक्स अनॉनिमस’ हा संघ निघाला. ह्या सभांत वर्गणीची सक्ती नसते, पूर्ण नाव सांगावे लागत नाही, आणि “आजचा दिवस” एवढेच उद्दिष्ट ठेवतात. जो आधार देतो तोही त्या देण्यानेच सावरतो, हे त्यांचे मर्म होय.

आपल्या महाराष्ट्रातही असे कार्य उभे आहे. अनिल अवचट ह्यांनी गर्दच्या विळख्यावर लिहिलेले लेख पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या वाचनात आले, आणि त्यांच्या आर्थिक साहाय्याने 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात येरवडा येथे ‘मुक्तांगण’ सुरू झाले. त्याची धुरा मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट ह्यांनी 1997 साली मृत्यू येईपर्यंत वाहिली. तेथे येणाऱ्यास पस्तीस दिवसांचा नेमाचा दिनक्रम पाळावा लागतो. पुष्कळ कार्यकर्ते स्वतः त्याच वाटेने येऊन सुधारलेले आहेत, त्यामुळे “तुम्हास काय ठाऊक?” असे नव्या रुग्णास म्हणता येत नाही. घरच्या माणसांसही तेथे समुपदेशन मिळते. कारण व्यसन एकाचे असले तरी होरपळ साऱ्या घराची होते.

पालकहो, आता आपणांस थोडी विनंती. मुलगा कबुली देईल तो क्षण रागाचा नव्हे; त्या क्षणी प्रथम ऐकून घ्यावे. मात्र माया म्हणजे पांघरूण नव्हे. त्याची उधारी चुकती करणे, त्याच्या वतीने खोटे बोलणे, रोख पैसे हाती देणे, ह्यांनी व्यसनच पोसले जाते. पोलिसांच्या भयाने उपचार टाळू नयेत. 1985 सालच्या अमली पदार्थविषयक कायद्यातच, केवळ सेवन केलेल्या वा अल्प प्रमाणात पदार्थ जवळ बाळगलेल्या व्यसनीने आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतल्यास, त्यास खटल्यापासून संरक्षण देणारे कलम आहे. 14446 ह्या सरकारी क्रमांकावर निःशुल्क सल्ला मिळतो. आणि मुलगा पुन्हा एकदा घसरला तर सर्व व्यर्थ गेले असे समजू नये. ताबडतोब पुन्हा उपचारांस न्यावे. खंड पडल्यावर जुन्याच मात्रेने गर्द घेतल्यास मृत्यू ओढवू शकतो, म्हणून येथे दिरंगाई परवडत नाही.

विद्यार्थ्यांनो, तुमचा सोबती ह्या संकटात असल्याचे कळल्यास त्याची थट्टा करू नका, आणि गुपित राखण्याच्या शपथेत अडकूही नका. विश्वासातल्या वडील माणसास सांगणे ही चहाडी नव्हे. तो बरा होऊन परत आला, तर बाकावर त्याच्या शेजारी बसा, त्यास खेळावयास बोलवा. त्याच्या रिकाम्या दुपारी भरून काढणे तुमच्या हाती आहे.

आमचा तो विद्यार्थी पुढे सावरला, पण आमच्यामुळे नव्हे. त्याच्या थोरल्या बहिणीने नोकरीत रजा काढून त्यास उपचारांस नेले आणि परतल्यावर वर्षभर दर आठवड्यास सभेस ती त्याच्याबरोबर जात असे. तो मधे दोनदा घसरला. दोन्ही वेळा तीच त्यास परत घेऊन गेली. गेल्या वर्षी तो आमच्याकडे आला, ते दुसऱ्या एका मुलास बरोबर घेऊन. त्या मुलाने खाली मान घालून बोलण्यास सुरुवात केली. ह्या खेपेस आम्ही त्यास बोलू दिले, चहा दिला, आणि त्याचे झाल्यावर एवढेच विचारले, “दवाखान्यात केव्हा जावयाचे? आम्ही बरोबर येतो.”