शाळेतील काव्यलेखन आणि गावाचा वाटा

सातारा जिल्ह्यातील चाफळ ही कवी यशवंत यांची जन्मभूमी, ग. दि. माडगूळकर १९१९ मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातील शेटफळे येथे जन्मले. कृष्णाकाठच्या औदुंबर गावी कवी सुधांशू यांनी रुजविलेले साहित्य संमेलन मकरसंक्रांतीस भरते. लहान गावातही काव्याला श्रोते लाभतात, हे यावरून दिसते. शाळेत मात्र कविता बहुधा पाठांतर व प्रश्नोत्तरांपुरतीच उरते. शिक्षकांनी आठवड्यातून एक तास काव्यलेखनासाठी राखावा, स्वतःही लिहावे व वर्गात वाचून दाखवावे. मुलाच्या बोलीतील शब्द अशुद्ध ठरवून खोडू नये. त्या शब्दाबरोबर त्याचा धीरही खचतो. निवडक रचनांचे हस्तलिखित शाळेने काढावे आणि ग्रामपंचायतीने ते गावाच्या वाचनालयात ठेवावे. आपले लिहिलेले गाव वाचते, हे कळलेले मूल पुन्हा लेखणी उचलते.