पाना वाचून घ्या

ट्रकचा नट खोलायला पाना लागतो. पाना नटाला घट्ट बसला पाहिजे. सैल बसला तर तो सटकतो. नटाचे कोपरे झिजून गोल होतात. मग कोणताच पाना त्याला धरत नाही. बोटे सोलवटतात. मालाने भरलेली गाडी वाटेतच अडून राहते.

पाने दोन मापांचे असतात. एक इंची, दुसरे मिलिमीटरचे. असे का? जुन्या विलायती आणि अमेरिकन गाड्या इंचाच्या मापाने बनत. जर्मनीत मीटरचे माप चाले. १९५४ साली जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात जर्मन धर्तीचे ट्रक बनू लागले. १९५६ साली आपल्या देशात मीटर-किलोचा कायदा झाला. आजचे नवे ट्रक मिलिमीटरच्या मापाचे असतात. पण जुन्या ट्रकला, जुन्या ट्रॅक्टरला इंची नट सापडतात.

आता हिशेब बघा. एक इंच म्हणजे ८ सूत. एक इंच म्हणजेच २५.४ मिलिमीटर. म्हणून ४ सुताचा नट १२.७ मिलिमीटर भरतो. १३ चा पाना त्यावर चढतो, पण किंचित सैल राहतो.

"उस्ताद, १३ चा बसला की!"

"बसला खरा. पण हलवून बघ. हलतो ना? नट गंजलेला आहे. जोर लावलास की सटकेल. ४ सुताचा घे."

६ सुताचा नट १९.०५ मिलिमीटर असतो. त्याला १९ चा पाना बहुधा चालून जातो. पण एक जोडी जमली म्हणून सगळ्या जमत नाहीत.

पाना कसा ओळखावा? त्यावर माप कोरलेले असते. १३ किंवा १९ असा पुरा आकडा असला, तर पाना बहुधा मिलिमीटरचा. १/२ किंवा ३/४ असा अपूर्णांक असला, तर इंची. हे आकडे इंग्रजी असतात. ते दहा आकडे शिकून घ्या.

बोल्टाचे डोकेही पुसून बघा. त्यावर ८.८ असे आकडे असले, तर बोल्ट मिलिमीटरचा. ते आकडे मजबुतीचे आहेत, मापाचे नाहीत.

पाना हातोडीने ठोकून बसवू नका. फटीत पत्रा घालू नका. अडलेल्या नटाला रिंग पाना लावा. तो सगळे कोपरे धरतो.

प्रश्न
१. ४ सूत म्हणजे किती मिलिमीटर?
२. सैल पान्याने काय नुकसान होते?
३. तुमच्या घरचा पाना आणा. त्यावरचे माप वाचा.