चोखणी : आकार, निवड आणि मर्यादा

नवजात अर्भकाच्या गालाला बोटाचा स्पर्श झाला की ते मान त्या बाजूला वळवते, तोंड उघडते आणि ओठांत आलेली वस्तू चोखू लागते. ही क्रिया त्याला कोणी शिकवलेली नसते. गर्भावस्थेच्या साधारण ३२ ते ३४ व्या आठवड्यापासून चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ बसू लागतो. जन्मानंतर मूल दोन प्रकारे चोखते. दूध मिळत असते तेव्हा ते सेकंदाला सुमारे एकदा चोखते, कारण प्रत्येक घोट गिळावयाचा असतो. दूध नसते तेव्हा हाच वेग सेकंदाला सुमारे दोन वेळा इतका होतो आणि मधूनमधून ते थोडे थांबते. या दुसऱ्या प्रकारच्या चोखण्याने पोट भरत नाही. मन मात्र शांत होते. चोखणी ही वस्तू केवळ या दुसऱ्या गरजेसाठी आहे. तिच्या निवडीचा विचार करताना हा भेद प्रथम ध्यानात घ्यावयास हवा.

चोखणीचा इतिहास

रडणाऱ्या मुलाच्या तोंडात काहीतरी देण्याची रीत फार जुनी आहे. युरोपात कापडाच्या तुकड्यात साखर किंवा दुधात भिजवलेला पाव बांधून त्याची पुरचुंडी मुलाला चोखावयास देत असत. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५०६ मध्ये काढलेल्या एका चित्रात बाल येशूच्या हाती अशी पुरचुंडी दिसते. सधन घरांतून पोवळ्याचा तुकडा बसवलेला चांदीचा खुळखुळा असे. आपल्याकडेही मधाचे बोट चाटवणे, साखरपाण्यात भिजवलेली चिंधी देणे, लाखेने रंगवलेली लाकडी चोखणी हाती देणे हे प्रकार होतेच. आजच्या चोखणीचा आराखडा १९०० च्या सुमारास रूढ झाला. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या ख्रिश्चन माइनेके यांनी रबरी बोंड, ओठांबाहेर राहणारी चकती आणि धरावयाची कडी असलेल्या चोखणीच्या आकृतीचे एकस्व घेतले. हे तीन भाग आजही तसेच आहेत. चोखणीचा आकार चांगला की वाईट हे ठरवताना या तिन्ही भागांचा वेगवेगळा विचार करावा लागतो.

बोंडाचा आकार

अंगावर पिताना मूल केवळ स्तनाग्र तोंडात घेत नाही. भोवतालचा काळसर भागही घेते. जीभ आणि टाळू यांच्यामध्ये हा मऊ भाग दबून लांबट व चपटा होतो. जीभ त्याच्या खाली पसरलेली राहते आणि तिच्यातून लाट सरकावी तशी हालचाल होते. जुन्या पद्धतीचे चेंडूसारखे गोल बोंड मात्र टाळूखाली फुगून राहते आणि जिभेला खाली दाबते. विसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील दंतवैद्य आडॉल्फ म्युलर आणि विल्हेल्म बाल्टर्स यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यातून वरच्या बाजूने टाळूस अनुरूप आणि खालच्या बाजूने जिभेसाठी सपाट असा आकार पुढे आला.

दुकानात आज प्रामुख्याने तीन आकार मिळतात. पहिला गोल, दुसरा वर उतरता व खाली सपाट, आणि तिसरा दोन्ही बाजूंनी सारखाच चपटा. दुसऱ्या आकाराची चोखणी उलटी तोंडात गेली तर तिचा हेतू साधत नाही. तिसरीला उलटसुलट बाजू नसते. कोणताही आकार घेतला तरी बोंडाची मान, म्हणजे हिरड्यांच्या मध्ये राहणारा भाग, बारीक असावी. ती जाड असली तर वरचे आणि खालचे पुढील दात येताना त्यांच्यामध्ये फट राहण्याचा संभव वाढतो.

वेष्टनावर ‘दातांसाठी उत्तम’ असे छापलेले असले, तरी त्यावर सर्वस्वी विसंबणे योग्य नव्हे. विशिष्ट आकारामुळे दात व जबडा निश्चितपणे सुरक्षित राहतात, असे सिद्ध करणारा पुरेसा पुरावा नाही. मूल चोखणी दिवसातून किती वेळ आणि किती वर्षे चोखते, याला आकारापेक्षा अधिक महत्त्व आहे. चोखणी लवकर सुटली तर दातांमधील फट बहुधा आपोआप भरून येते. ती तीन वर्षांनंतरही चालू राहिली तर दोष टिकून राहण्याची भीती असते.

चकती आणि कडी

जीव वाचवण्याच्या दृष्टीने मात्र बोंडापेक्षा चकती महत्त्वाची आहे. ती लहान असेल तर सबंध चोखणी तोंडात जाऊन घशाशी अडकू शकते. म्हणून चकती मुलाच्या तोंडाहून बरीच रुंद असावी. तिला समोरासमोर निदान दोन छिद्रे असावीत. दुर्दैवाने ती तोंडात गेलीच, तर या छिद्रांतून थोडी हवा जाऊ शकते. अमेरिकेत १९७८ पासून लागू झालेल्या नियमांत चकतीचा आकार, छिद्रे आणि ताण सोसण्याची शक्ती या तिन्ही गोष्टींची परीक्षा आवश्यक ठरवली आहे. चकतीची कड नाकाखाली वळलेली असावी. सपाट चकती नाकपुड्यांवर दाबली जाते. तिच्या आत लाळ साचून राहिली तर हनुवटीवर पुरळ उठते.

कडीला दोरी, गंडा किंवा साखळी बांधून ती मुलाच्या गळ्यात अडकवणे अत्यंत धोक्याचे आहे. पाळण्याच्या कठड्यात दोरी अडकून गळफास बसू शकतो. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेल्या काळ्या दोऱ्यातही चोखणी ओवू नये.

पदार्थ आणि घरची परीक्षा

बोंड बहुधा नैसर्गिक रबराचे किंवा सिलिकोनचे असते. रबर मऊ व चिवट असते. परंतु ऊन आणि वारंवार उकळणे यांमुळे ते चिकट होते, आणि काही मुलांना त्याची ॲलर्जी असते. सिलिकोन पारदर्शक असते व उकळणे चांगले सोसते. मात्र दात लागून एकदा चीर पडली की ते फाटत जाते. त्यामुळे दात आलेल्या मुलाच्या चोखणीकडे अधिक लक्ष द्यावे लागते. एकाच अखंड तुकड्याची चोखणी जोडकामाच्या चोखणीपेक्षा सुरक्षित असते, कारण तिचे भाग सुटत नाहीत.

नवी चोखणी वापरण्यापूर्वी पाच मिनिटे उकळावी आणि पूर्ण निवल्यावर द्यावी. त्यानंतर ती दररोज धुवावी. सहा महिन्यांखालील मुलाच्या बाबतीत उकळणे चालूच ठेवावे. देण्यापूर्वी बोंड प्रत्येक दिशेने जोराने ओढून पाहावे व उजेडात धरून चिरा शोधाव्यात. रंग बदललेला, चिकटपणा आलेला किंवा बारीकशी चीर दिसली तरी ती टाकून द्यावी. बाटलीचे बूच काढून त्यात कापूस भरून घरी चोखणी बनवू नये. ते चटकन निसटते.

चोखणी मधात किंवा साखरेत कधीही बुडवू नये. साखरेने दात किडतात. मधाचा धोका त्याहून मोठा आहे, कारण त्यात बॉट्युलिझम या विकाराचे बीजाणू असू शकतात आणि एक वर्षाखालील मुलाच्या आतड्यात ते वाढतात. अमेरिकेतील टेक्सास राज्यात २०१८ मध्ये चार अर्भकांना हा विकार झाला. त्या सर्वांनी मध भरलेल्या चोखण्या चोखल्या होत्या.

केव्हा द्यावी, केव्हा देऊ नये

उत्तम आकाराची चोखणीही चुकीच्या वेळी दिली तर अपाय करते. पहिल्या काही आठवड्यांत मूल दिवसरात्रीतून ८ ते १२ वेळा अंगावर पिते. जितके ते पिते तितके आईचे दूध वाढते. भुकेने कुरकुरणाऱ्या मुलाला चोखणी दिली तर ते शांत होते, पाजण्याची एक वेळ चुकते आणि दूध तेवढे कमी उतरते. घरातल्यांना वाटते, मूल गुणी आहे, रडत नाही. प्रत्यक्षात त्याचे वजन वाढत नसते. रडणे थांबणे म्हणजे भूक भागणे नव्हे. म्हणूनच १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी अंगावर पिणाऱ्या मुलांना चोखणी देऊ नये असे सांगितले. २०१८ च्या सुधारित सूचनांत सरसकट मनाई नाही; मात्र मातांना तिच्या वापराची व धोक्यांची माहिती द्यावी, असे म्हटले आहे.

स्तनपान नीट सुरू झाले, मूल दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करू लागले आणि त्याचे वजन वाढू लागले, म्हणजे मग चोखणीचा विचार करावा. तेव्हाही आधी पाजून पाहावे, लंगोट ओला आहे काय हे पाहावे, कडेवर घ्यावे, त्यानंतर चोखणी. झोपतेवेळी चोखणी दिल्यास अर्भकाच्या आकस्मिक मृत्यूचा धोका कमी आढळतो, म्हणून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००५ पासून तसा सल्ला दिला आहे. त्यासाठी मुलाला पाठीवर निजवणे मात्र आवश्यकच आहे. मूल चोखणी नाकारत असेल तर सक्ती करू नये, आणि झोपेत गळून पडली तर पुन्हा तोंडात घालू नये. सहा महिन्यांनंतर चोखणारी मुले कानाच्या विकाराने अधिक आजारी पडतात. तेव्हापासून ती हळूहळू कमी करावी.

सारांश, मऊ व बारीक मानेचे बोंड, छिद्रे असलेली रुंद वळणदार चकती आणि अखंड बांधणी ही चांगल्या चोखणीची लक्षणे होत. ती हाती घेण्यापूर्वी मात्र आईने प्रत्येक वेळी स्वतःला विचारावे की मुलाला आत्ता भूक तर लागलेली नाही ना. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही आकाराच्या बोंडात सापडत नाही. ते मुलाकडे पाहूनच मिळते.