पहिला स्मार्टफोन : सोय आणि स्वावलंबन

सातारा-सांगलीकडील आपल्या अनेक घरांत पहिला स्मार्टफोन मुलांच्या शिक्षणानिमित्त आला. त्याने रोजचे जीवन सुधारते काय? आमच्या मते सुधारते. मात्र तो ज्याचा त्याला वापरता आला पाहिजे.

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या बाबासाहेबांच्या नावाचे 'भीम' ॲप 30 डिसेंबर 2016 रोजी सुरू झाले. त्यातून घरबसल्या पैसे पाठविता येतात. 'महाडीबीटी'वर शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येतो, 'डिजिलॉकर'मध्ये कागदपत्रे मिळतात. तालुक्याची खेप वाचते, दिवसाची मजुरी बुडत नाही.

परंतु बँकेच्या काउंटरवर आम्ही पाहतो, कित्येक माता-भगिनी आपला पिन दुसऱ्याला सांगून मोकळ्या होतात. हे परावलंबनच होय. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, एवढे ध्यानी ठेवले तरी पुष्कळ फसवणूक टळेल. फसवणूक झालीच तर बँकेस व 1930 या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

विद्यार्थ्यांनी आईचा व्यवहार स्वतः उरकून देऊ नये. शेजारी बसून तिलाच करू द्यावा. अंगठ्याच्या जागी सही आली, तेव्हाही कोणीतरी असेच शेजारी बसले होते.