जुन्या बुलेटचे तेल का गळते?

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी अशा मुंबईच्या उपनगरांत एखाद्या सोसायटीच्या आवारात हौसेने दुरुस्त करून उभी केलेली जुनी बुलेट मोटारसायकल तुम्ही पाहिली असेल. नवा रंग, चकाकणारे पाइप आणि खाली फरशीवर तेलाचा काळा डाग! "जुनी गाडी आहे, गळणारच," असे म्हणून पुष्कळजण तिकडे दुर्लक्ष करतात. परंतु हेच तेल मागच्या टायरवर उडाले तर पावसाळ्यातील ओल्या रस्त्यावर गाडी घसरते. तेव्हा गळतीचे कारण शोधलेच पाहिजे. ते शोधताना आपल्याला पाठ्यपुस्तकातील भौतिकशास्त्र उपयोगी पडते.

३५० बुलेट मद्रासला (आताच्या चेन्नईत) १९५५ सालापासून तयार होऊ लागली. तिच्या इंजिनात एकच सिलिंडर असतो. त्याचा व्यास ७ सें.मी. आणि दट्ट्याची धाव ९ सें.मी. आता गणित करा. वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौ.सें.मी. आले; त्याला ९ ने गुणले की सुमारे ३४६ घ.सें.मी. येतात. दट्ट्या खाली आला की त्याच्या खालच्या पेटीतील, म्हणजे क्रँककेसमधील, हवेची जागा तितकीच कमी होते.

समजा, दट्ट्या वर असताना पेटीत १५०० घ.सें.मी. हवा आहे. तो खाली आला की ११५४ घ.सें.मी. जागा उरेल. हवेला बाहेर पडायला वाट नसेल आणि तापमान कायम धरले, तर बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब १५०० ÷ ११५४, म्हणजे सुमारे १.३ वातावरण होईल. बाहेरच्यापेक्षा ०.३ वातावरण जास्त! हा दाब १०० चौ.सें.मी.च्या झाकणाला सुमारे ३० किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने बाहेर ढकलतो. दट्ट्याच्या रिंगा झिजल्या असतील तर जळालेले वायूही पेटीत उतरतात आणि दाबात भर घालतात.

म्हणूनच पेटीला 'ब्रीदर' असतो. बुलेटच्या ब्रीदरला बदकाच्या चोचीसारखी चपटी रबरी नळी जोडलेली असे. दट्ट्या खाली येताना चोच उघडते व हवा बाहेर जाते. दट्ट्या वर जाताना चोच मिटते आणि हवा आत येऊ शकत नाही. परिणामी पेटीतील सरासरी दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी राहतो. रबर जुने होऊन कडक झाले, किंवा नळी काजळीने बुजली, की हे काम थांबते.

याचा गळतीशी काय संबंध? एक प्रयोग करा. प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाजवळ टाचणीने एक छिद्र पाडा. बाटली पाण्याने काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. पाणी गळायचे थांबते. झाकण सैल करा, धार सुरू होते. झाकण पुन्हा लावून बाटली दाबा, पाणी जोराने उडते. छिद्र तेच, पण गळती दाबावर ठरली!

फटीचा आणि तेलाचा वाटाही आहेच. दोन सपाट पृष्ठभागांमधील बारीक फटीतून वाहणारे तेल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असते. फट निम्मी केली तर गळती एक-अष्टमांश होते. तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, मात्र गळतीला अडवते. ४० अंश सेल्सिअसवरून १०० अंशांपर्यंत तापले की इंजिन ऑइलची श्यानता साधारण एक-दशांश उरते. थंड इंजिन कोरडे आणि फेरफटका मारून आल्यावर ओले दिसते, ते यामुळे.

आता दुरुस्तीचा क्रम पाहू. इंजिन थंड असताना रॉकेलने धुऊन कोरडे करावे व सांध्यांवर खडूची पूड भुरभुरावी. मग इंजिन चालू करून पूड प्रथम कोठे भिजते ते पाहावे. तेल वाऱ्याने मागे आणि वजनाने खाली जाते. त्यामुळे थेंब पडतो ती जागा गळतीची असेलच असे नाही. त्यानंतर ब्रीदर तपासावा व लागल्यास रबर बदलावे. एवढे झाल्यावरच पॅकिंगला हात घालावा. झाकण जाड काचेवर ठेवावे. ते डुगडुगले तर वाकडे झाले आहे. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर ते घासून सपाट करावे. नवे पॅकिंग घालून बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. जास्त जोर लावला तर दोन बोल्टांमधला भाग उचलला जातो, फट वाढते आणि ॲल्युमिनियममधले आटेही जातात.

थोडक्यात, आतला दाब तसाच ठेवून केवळ फटी बुजवल्या, तर तेल दुसरी वाट शोधते. आधी इंजिनाला नीट श्वास सोडू द्यावा, मग फटी बुजवाव्यात.

जाता जाता एक प्रश्न: इंजिन मिनिटाला ३००० फेरे करीत असेल, तर ब्रीदरची चोच सेकंदाला किती वेळा उघडत असेल? उत्तर काढा आणि मग विचार करा, तेवढ्या वेळा न थकता वाकणारे रबर कडक झाले तर काय होईल!