जुने पर्जन्यमापक : जतन नेमके कशाचे?

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. सांगली जिल्ह्यात शिराळा आणि जत यांचीही तीच कथा. हे आपण निश्चयपूर्वक सांगू शकतो, याचे श्रेय मामलेदार कचेरीच्या आवारातील जस्ती पत्र्याच्या एका साध्या नळकांड्यास आहे. आता महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आल्यामुळे ही साधने अडगळीत पडू लागली आहेत. ती शाळांनी व संग्राहकांनी जपावी, हे योग्यच. परंतु नुसते नळकांडे जपून फारसे काही हाती लागत नाही.

जुन्या केंद्रांवर बहुधा सायमन्स पद्धतीचा पर्जन्यमापक आढळतो. त्याच्या नरसाळ्याचा व्यास पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर. आतील बाटलीत साचलेले पाणी रोज सकाळी साडेआठ वाजता काचेच्या मापनपात्रात ओतून आकडा वाचावयाचा. खरी मेख या पात्रात आहे. त्यावरील रेषा नरसाळ्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळानुसार आखलेल्या असतात. सायमन्स मापकात १ मिलिमीटर पावसाचे सुमारे १२.७ घन सेंटिमीटर पाणी जमते. नंतर प्रचारात आलेल्या, २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात २० घन सेंटिमीटर. दुसऱ्याचे पाणी पहिल्याच्या पात्राने मोजल्यास १० मिलिमीटर पाऊस १५.८ भरतो; उलट केल्यास ६.३. टंचाई वा पीकविमा ज्या आकड्यावर ठरतो, तेथे हा फरक क्षुल्लक नव्हे. म्हणून नरसाळे व पात्र यांची जोडी कधीही फोडू नये.

त्याहून मोलाची असते नोंदवही. दशमान पद्धतीपूर्वीच्या नोंदी इंच व सेंट यांत आहेत. शंभर सेंटांचा एक इंच. रकान्याचा मथळा वाळवीने खाल्ला, की ‘२५०’ म्हणजे अडीच इंच, अर्थात ६३.५ मिलिमीटर, की २५० मिलिमीटर, हे कोण सांगणार? कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या हवामानाची केलेली निरीक्षणे १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केली. अभ्यासकांना आज उपयोग होतो तो त्या आकड्यांचा.

संग्रह करताना काही पथ्ये पाळावी लागतात. कचेरीतील साधन जडवस्तू नोंदवहीत असते. रीतसर निर्लेखन झाल्याखेरीज ते कोणास देता येत नाही, मग मागणारी शाळा असली तरी. शंभर वर्षांहून जुनी, विज्ञानाचा इतिहास दर्शविणारी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत येऊ शकते. जुन्या वायुभारमापकात पारा असतो. तो विषारी आहे; असा मापक आडवा करून एस.टी.तून नेणे किंवा मुलांपुढे उघडून दाखविणे टाळावे. पितळी पट्टी घासून चकचकीत करण्याचा मोहही आवरावा, कारण तीवरील क्रमांक व निर्मात्याचे नाव हीच तिची ओळख.

आणि पर्जन्यमापक उपटण्यापूर्वी त्या जागेचा कच्चा नकाशा काढून ठेवावा. भोवतालचे झाड वा भिंत मापकाहून जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर असावी, असा दंडक आहे. कचेरीमागची चिंच वाढत गेली असेल, तर नोंदवहीतील घटता पाऊस आभाळाचा की चिंचेचा, हे त्या नकाशावरूनच कळेल.